कल्पना येते कुठून? वेळणेश्वरच्या किनाऱ्यावरून डिझाइनकडे

विज्ञान प्रदर्शनात एखादी सुबक वस्तू मांडणाऱ्या विद्यार्थ्याला आपण विचारतो, "ही कल्पना तुला कशी सुचली?" बहुतेक वेळा उत्तर येते, "सुचली!" किंवा मग, "पुस्तकात बघून केली." पहिल्या उत्तरात कल्पना आकाशातून पडते, दुसऱ्यात ती दुसऱ्याकडून उसनी येते. या दोन्हींच्या मध्ये एक मोठा प्रदेश आहे आणि डिझाइनचे शिक्षण घेणारा विद्यार्थी चार वर्षे प्रामुख्याने याच प्रदेशात वावरत असतो. पाहायचे कसे, पाहिलेल्यातून तत्त्व कसे वेगळे करायचे, ते दुसरीकडे कसे वापरायचे आणि वापरल्यावर ते खरोखर चालते की नाही हे कसे तपासायचे, या चार गोष्टी तो तिथे शिकतो. त्या शाळेतही शिकवता येतात आणि त्यासाठी महागड्या साहित्याची गरज पडत नाही.

डिझाइन म्हणजे नक्षीकाम नव्हे, हे आधी स्पष्ट करायला हवे. मराठीत यासाठी 'अभिकल्प' असा शब्द आहे, पण तो फारसा रुळला नाही. एखादी गरज ओळखून, उपलब्ध साहित्य, खर्च, वापरणाऱ्याचे शरीर आणि सवयी यांचा विचार करून वस्तूला किंवा चिन्हाला रूप देणे म्हणजे डिझाइन. सौंदर्य त्यात असतेच, पण ते वरून लावलेले नसते.

हे समजून घेण्यासाठी आपण रत्नागिरी जिल्ह्यातल्या गुहागर तालुक्यातील वेळणेश्वर हे गाव डोळ्यांसमोर ठेवू. समुद्राकाठचे शिवमंदिर, लांब पुळण, तिला लागून नारळी-पोफळीच्या वाड्या, दोन्ही बाजूंना खडक. याच गावात २०१२ पासून एक अभियांत्रिकी महाविद्यालयही आहे. पण आपल्याला आधी किनाऱ्यावर आणि वाडीत जायचे आहे. "आमच्या गावात बघण्यासारखे काय आहे?" असे म्हणणारी मुले कोकणातल्या प्रत्येक शाळेत भेटतात. त्यांना देण्याजोगे उत्तर तिथेच आहे.

झावळीची घडी

नारळाची झावळी चार ते सहा मीटर लांब असते. तिच्या मधल्या दांड्याला दोन्ही बाजूंनी शेकडो पाती फुटलेल्या असतात. एक पाती हातात घेऊन तिचा आडवा छेद पाहा. ती सपाट नसते. मधल्या हिराच्या दोन्ही बाजू कौलारू घराच्या पाखांसारख्या खाली उतरलेल्या असतात. पातळ पाती इतकी लांब असूनही बऱ्याच अंतरापर्यंत न लोंबता राहते, त्याचे एक कारण हीर आहे आणि दुसरे ही घडी.

घडीने ताकद का येते? एखादी पट्टी वाकवायला किती जोर लागेल हे तिच्या जाडीच्या घनावर अवलंबून असते. जाडी दुप्पट केली तर वाकण्याला होणारा विरोध आठपट होतो. कागदाला घडी घातली की कागद तेवढाच राहतो, पण वाकण्याच्या दिशेने त्याची 'उंची' कित्येक पटींनी वाढते. वजन न वाढवता कणखरपणा मिळतो. पन्हळी पत्रे, पुठ्ठ्याच्या खोक्यातला नागमोडी थर, घडीदार छपरे या सर्वांमागे हेच तत्त्व आहे.

वर्गात याचा प्रयोग दहा मिनिटांत होतो. वहीच्या कागदाच्या सारख्या मापाच्या चार पट्ट्या घ्या. सारख्या उंचीच्या दोन पुस्तकांमध्ये वीतभर अंतर ठेवा. पहिली पट्टी सपाट ठेवा, दुसरीला मधोमध एक घडी घाला, तिसरीला तीन, चौथीला सात. प्रत्येक पट्टीवर मधोमध एकेक नाणे ठेवत जा आणि पट्टी कोसळेपर्यंत किती नाणी राहिली ते लिहून ठेवा. पट्ट्यांमधले अंतर, कागद आणि नाणी यांत बदल करायचा नाही. बदलायची ती फक्त घड्यांची संख्या. मुलांना लवकरच आणखी एक गोष्ट दिसेल. घडीची पट्टी बहुधा मोडून पडत नाही, तिच्या बाजू फाकतात आणि मग ती बसते. मग बाजू फाकू नयेत यासाठी काय करावे? हा प्रश्न मुलांच्या तोंडून आला की प्रयोगाचे रूपांतर डिझाइनमध्ये झाले असे समजावे.

वाडीतच केळीचे पान आहे. त्याच्या देठाचा छेद पन्हळासारखा, वरून उघडा असतो. असा देठ वाकायला कठीण, पण पिळायला सोपा असतो. वारा सुटला की पान पिळून वाऱ्याच्या दिशेला वळते, त्याच्या चिरफाळ्या होतात आणि वाऱ्याचा रेटा कमी होतो. कागदाची एक बंद नळी आणि उभी चीर असलेली दुसरी नळी दोन्ही हातांनी पिळून पाहिल्या, तर फरक बोटांनाच कळतो. जोराच्या वाऱ्यात पाने स्वतःचा आकार बदलून रेटा कसा कमी करतात, याचा अभ्यास स्टीव्हन व्होगेल या अमेरिकी जीवशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात पवनबोगद्यात पाने ठेवून केला. ताठ उभे राहून सोसणे आणि वळून सोसणे हे मजबुतीचे दोन वेगळे मार्ग आहेत, हे त्यातून स्पष्ट होते.

रूप नव्हे, तत्त्व

आता निसर्गापासून प्रेरणा घेणे म्हणजे काय, ते पाहू. पानाच्या आकाराचा पंखा किंवा माशाच्या आकाराची साबणदाणी करणे ही रूपाची नक्कल झाली. ती वाईट नाही, पण त्यात शिकण्यासारखे थोडे असते. तत्त्व उचलले की गोष्ट वेगळी होते.

वेळणेश्वरसारख्या गावात ओढ्याकाठी किंवा खाडीकाठी खंड्या हमखास दिसतो. तो तारेवरून थेट पाण्यात सूर मारतो आणि पाणी फारसे उडत नाही. पाणी हवेच्या सुमारे आठशे पट घन असते. विरळ माध्यमातून इतक्या घन माध्यमात शिरताना धक्का बसू नये, याला त्याच्या लांब, हळूहळू रुंदावत जाणाऱ्या चोचीची मदत होते. जपानमधील वेगवान रेल्वेच्या अभियंत्यांपुढे असाच एक प्रश्न होता. गाडी भरधाव बोगद्यात शिरली की पुढची हवा दाबली जाई, दाबाची लाट बोगद्यातून ध्वनीच्या वेगाने पुढे जाई आणि दुसऱ्या तोंडाशी मोठा धमाका होई. आसपासच्या वस्तीला त्याचा त्रास होता. एइजी नाकात्सु हे अभियंते पक्षिनिरीक्षकही होते. बोगद्यात शिरणे म्हणजे कमी विरोधातून एकदम जास्त विरोधात शिरणे, हे साम्य त्यांना खंड्यात दिसले. निरनिराळ्या आकारांची प्रारूपे नळीत सोडून दाब मोजला गेला, संगणकावर गणिते झाली आणि शेवटी हाती आलेला आकार खंड्याच्या चोचीशी जुळणारा निघाला. ताशी ३०० किलोमीटर वेगाची आणि सुमारे १५ मीटर लांब नाकाची ही ५०० मालिकेची गाडी १९९७ मध्ये धावू लागली.

इथे दोन गोष्टी मुलांच्या लक्षात आणून द्याव्यात. प्रेरणा पक्ष्याकडून आली, पण निर्णय मोजमापाने झाला. आणि ती अशा माणसाला आली, ज्याच्यापुढे प्रश्न आधीपासून होता. खंड्या तर सगळ्यांनीच पाहिलेला असतो.

दुसरे उदाहरण खडकावरचे. ओहोटीच्या वेळी खडकांवर कालवे आणि शिणाणे म्हणून ओळखले जाणारे हिरवे शिंपले चिकटलेले दिसतात. लाटांचा मारा होत असतानाही शिणाणे बारीक धाग्यांनी खडक धरून ठेवतात. आपले बहुतेक डिंक ओल्या पृष्ठभागावर निकामी ठरतात, मग हे धागे पाण्यातच कसे चिकटतात? त्यांच्या टोकांशी असलेल्या प्रथिनांची विशिष्ट रासायनिक रचना हे त्याचे कारण. अमेरिकेतील ऑरेगॉन राज्यातल्या विद्यापीठात लाकूड-रसायनाचे संशोधन करणाऱ्या काइचांग ली यांनी तिथल्या किनाऱ्यावरील अशाच शिंपल्यांवरून विचार सुरू केला. शिंपले गोळा करून डिंक करणे परवडणारे नव्हते. म्हणून त्यांनी मुबलक आणि स्वस्त असे सोयाबीनचे प्रथिन घेतले आणि त्यात शिंपल्याच्या प्रथिनासारखे गुण येतील असे बदल केले. त्यातून प्लायवूडसाठी फॉर्मल्डिहाइड न लागणारा डिंक तयार झाला आणि या शतकाच्या पहिल्या दशकात तो कारखान्यांत वापरलाही जाऊ लागला. शेवटच्या वस्तूत शिंपला कुठेच दिसत नाही, फक्त त्याचे तत्त्व उरले आहे. खरी प्रेरणा अनेकदा अशी अदृश्य असते.

घरातली विळी

निसर्ग हा एकच गुरू नाही. पिढ्यान्‌पिढ्या वापरून घासूनपुसून तयार झालेल्या वस्तू हा दुसरा. १९५८ मध्ये चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकी डिझाइनर दांपत्याने भारत सरकारसाठी एक अहवाल लिहिला. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था १९६१ मध्ये स्थापन झाली, तिच्यामागे या अहवालाची प्रेरणा होती. भारतात पाहिलेल्या वस्तूंपैकी त्यांनी साध्या लोट्याला सर्वांत सुंदर मानले. त्यात किती पाणी मावते, भरलेला आणि रिकामा असताना तोल कसा राहतो, तो डोक्यावर, कमरेवर वा हातात कसा धरला जातो, ओतताना धार कशी पडते, घासायला सोपा आहे का, किंमत किती, अशा प्रश्नांची मालिकाच त्यांनी मांडली. लोटा एका माणसाने घडवलेला नाही. अनेक पिढ्यांनी थोडाथोडा बदल करत तो घडवला.

हेच प्रश्न कोकणातल्या विळीला विचारून पाहा. सुरीत पाते हलते आणि भाजी स्थिर असते, विळीत पाते स्थिर आणि भाजी हलते. पाट पायाने दाबून धरल्यामुळे दोन्ही हात मोकळे राहतात. पाते वक्र असल्याने फळ पुढे सरकवताना धार तिरकी लागते आणि कापायला जोर कमी पडतो. टोकाशी खवणी असल्याने त्याच बैठकीत नारळही खवला जातो. आता उलट बाजू. ही रचना जमिनीवर बसणाऱ्यासाठी आहे. ओट्याशी उभे राहून स्वयंपाक सुरू झाल्यावर विळी मागे पडली, यात विळीचा दोष नाही, वापरण्याची परिस्थिती बदलली. गुडघेदुखीमुळे खाली बसता न येणाऱ्या आजीसाठी विळीचे गुण राखून नवे साधन कसे करता येईल? डिझाइनच्या विद्यार्थ्याला नेमके असे काम दिले जाते. नववीच्या विद्यार्थ्यालाही ते देता येईल.

झावळ्यांचे विणलेले झापही असेच अभ्यासण्याजोगे आहेत. त्यांची जागा आता पत्रे आणि प्लॅस्टिकच्या ताडपत्रीने घेतली आहे. झाप विणणारे हात गावात आहेत, तोवर विणीची पद्धत चित्रांसह वहीत उतरवून घेणे हा प्रकल्प मोलाचा ठरेल. वस्तू गेली की तिच्यासोबत तिच्यातले ज्ञानही जाते.

एका विद्यार्थ्याचे चिन्ह

डिझाइनच्या विद्यार्थ्याने केलेले एक काम आपण रोज हाताळतो. २००९ मध्ये भारत सरकारने रुपयाच्या चिन्हासाठी खुली स्पर्धा जाहीर केली. तीन हजारांहून अधिक प्रवेशिका आल्या. १५ जुलै २०१० रोजी मंत्रिमंडळाने डी. उदयकुमार यांचे चिन्ह निवडले. ते मुंबईच्या आयआयटीतील औद्योगिक डिझाइन केंद्रात पीएच.डी.चे संशोधन करत होते. हे केंद्र १९६९ मध्ये सुरू झाले. देवनागरी अक्षररचनेत मोठे काम करणारे र. कृ. जोशी यांनी तिथे अनेक वर्षे अध्यापन केले. संगणकावरचा परिचित 'मंगल' हा देवनागरी टंक त्यांचाच.

चिन्हाचे घटक सुटे करून पाहू. एक, देवनागरी 'र'. दोन, उभा दांडा काढून टाकलेले रोमन लिपीतले 'आर' हे अक्षर. या दोन आकारांत मुळातच साम्य आहे. चिन्हकाराने ते हेरले, निर्माण केले नाही. तीन, शिरोरेखा. जगातल्या लिपींमध्ये देवनागरीला वेगळे दाखवणारी ही खूण चिन्हाला भारतीय ओळख देते. चार, तिच्याखालची दुसरी आडवी रेघ. दोन समांतर रेघांमुळे ते येन आणि युरो यांच्या चिन्हांच्या कुटुंबातले वाटते. एवढ्या गोष्टी एकत्र येऊनही चिन्ह पोरालाही चटकन काढता येते. २०१० मध्येच त्याला युनिकोड या जागतिक संगणकीय संकेतावलीत जागा मिळाली आणि २०११ पासून ते नाण्यांवर आले.

यातले कोणतेही सुटे अंग नवे नव्हते. 'र' जुना, शिरोरेखा जुनी, समांतर रेघा जुन्या. नवा होता तो त्यांचा मेळ. म्हणून 'कधी कोणी न पाहिलेले' अशी मौलिकतेची व्याख्या वर्गात करू नये. त्यामुळे मुले घाबरतात आणि हात आखडता घेतात. परिचित गोष्टींमधले आधी कोणाला न दिसलेले नाते दाखवणे ही व्याख्या जास्त खरी आहे आणि मुलांना धीर देणारीही.

दंतकथांपासून सावध

प्रेरणेच्या गोष्टी सांगताना विज्ञान शिक्षकाने एक पथ्य पाळायला हवे. कला आणि डिझाइनच्या अनेक पुस्तकांत नॉटिलस या सागरी प्राण्याच्या शंखाचे चित्र देऊन त्यात 'सुवर्ण गुणोत्तर' असल्याचे सांगितलेले असते. शंखाचे वळण लॉगरिथमी असते, हे खरे. प्राणी शंखाच्या तोंडाशी भर घालत जातो आणि आकार तोच राखून मोठा होतो, म्हणून असे वळण तयार होते. डार्सी थॉम्पसन यांनी १९१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात याची सविस्तर चर्चा केली आहे. पण सुवर्ण गुणोत्तराचे म्हणून जे वळण दाखवले जाते, ते एका पूर्ण फेऱ्यात सुमारे ६.८५ पट रुंदावते. नॉटिलसचा शंख साधारण तिप्पट रुंदावतो. म्हणजे ही गोष्ट मोजून न पाहता एकाने दुसऱ्याला सांगितलेली आहे. पुळणीवर सापडणारे चपट्या वळणाचे रिकामे शंख घेऊन त्यांचे फोटो आलेख कागदावर ठेवावेत आणि केंद्रापासूनची अंतरे मोजावीत. प्रत्येक जातीचे गुणोत्तर वेगळे येईल.

दुसरी दंतकथा अशी की निसर्गाची रचना निर्दोष असते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. रायगडमध्ये आणि उत्तर रत्नागिरीत नारळी-पोफळीच्या वाड्यांची मोठी हानी झाली. नारळाचे झाड वाऱ्याला तोंड देण्यात कुशल आहे, तरी त्याच्या क्षमतेला मर्यादा आहे. प्रत्येक रचना काही अटींत चांगली असते. त्या अटी कोणत्या, हे सांगता आल्याशिवाय तिच्यावरून घेतलेली कल्पना पुरी होत नाही.

वर्गात काय करता येईल?

डिझाइनच्या विद्यार्थ्याजवळ एक निरीक्षणवही असते. शाळेतही प्रत्येक मुलाला आठवड्याला एक पान भरायला सांगावे. पानावर चार गोष्टी याव्यात. पाहिलेल्या वस्तूचे हाताने काढलेले चित्र. ती काय काम करते. ते काम कशामुळे साधते, याचा अंदाज. आणि तेच तत्त्व आणखी कुठे उपयोगी पडेल. चित्र सुंदर असण्याची गरज नाही. चित्र काढताना डोळा थांबतो, तपशील पाहतो, एवढ्यासाठीच ते काढायचे. पुळणीवर बारीक खेकड्यांनी रचलेल्या वाळूच्या गोळ्या, विहिरीचा रहाट, होडीचा तळ, पोफळीची विरी, यांतले काहीही चालेल.

उत्तरे चटकन मिळण्याची घाई करू नये. स्वित्झर्लंडचे जॉर्ज द मेस्त्राल १९४१ मध्ये फिरून आले, तेव्हा कुत्र्याच्या केसांना चिकटलेली काटेरी फळे त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आणि त्यांना बारीक आकडे दिसले. त्यावरून केलेल्या चिकटपट्टीचे, म्हणजे आजच्या वेल्क्रोचे पेटंट १९५५ मध्ये मिळाले. आकडे दिसायला काही मिनिटे लागली, नायलॉनचे आकडे आणि फासे टिकाऊपणे बनवायला दहा वर्षांहून अधिक काळ गेला.

विज्ञान प्रदर्शनाच्या गुणपत्रिकेतही थोडा बदल करून पाहावा. तयार प्रतिकृतीइतकेच गुण निरीक्षणवहीला आणि फसलेल्या प्रयत्नांच्या नोंदींना द्यावेत. बाजारातून आणलेले चकचकीत मॉडेल आणि सात वेळा बसलेली कागदाची कमान यांतले विज्ञान कशात जास्त आहे, हे मग परीक्षकालाही दिसेल. मूळ कल्पना कोठून घेतली, हे लिहिणाऱ्याचे गुण कापू नयेत, उलट वाढवावेत. कोठून घेतले हे सांगता येणे आणि घेतल्यावर त्यात काय बदलले हे दाखवता येणे, यावरूनच प्रेरणा आणि नक्कल यांत फरक करता येतो.

मोठ्या विद्यार्थ्यांसाठी एक माहिती. डिझाइनच्या पदवीसाठी आयआयटी मुंबई घेत असलेली 'यूसीड' ही प्रवेश परीक्षा २०१५ पासून सुरू आहे. बारावीच्या कोणत्याही शाखेचे विद्यार्थी ती देऊ शकतात. तीत निरीक्षण, आकारांची समज आणि चित्रातून विचार मांडणे यांची परीक्षा होते. यांपैकी कशासाठीही मोठ्या शहरात जन्मावे लागत नाही. झावळीची पाती, खडकावरचे शिणाणे आणि घरातली विळी ज्याने नीट पाहिली, पाहून प्रश्न विचारले आणि उत्तर मोजून तपासले, त्याची निम्मी तयारी गावातच झालेली असते. उरलेली निम्मी सुरू होण्यासाठी त्याच्या शिक्षकाने एखाद्या पानावर शेरा लिहायला हवा, "हे असे का असेल?"